'इतर'च्या रकान्यातली माणसं

"तुमच्या घरी कोण कुठं झोपतं?" बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

नोकरीची मुलाखत होती. सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर. राज्याचं गृहनिर्माण धोरण नव्याने ठरणार होतं आणि त्याआधी कुठल्या जिल्ह्यात किती घरं कमी पडतात, कुणाला पडतात, याची मोजदाद करायला तिथे एक कक्ष उघडला होता. त्यांना वर्षाच्या कंत्राटावर आकडेवारी सांभाळणारी सहायक हवी होती. मी लोकसंख्या, शहरीकरण, आजवरच्या योजना असं सगळं पाठ करून गेले होते. टेबलापलीकडे तिघं बसले होते. दोघा साहेबांनी माझे कागद चाळून बाजूला ठेवले. मधे बसलेल्या बाईंनी कागदांना हातही न लावता हा प्रश्न विचारला.

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पण त्या वाट बघत होत्या. मग सांगितलं. खांदेश्वरला आमचं वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत सासूबाई दिवाणावर, नणंद खाली गादीवर. मी, नवरा आणि बाळ स्वयंपाकघरात.

"आणि सासरे?"

"ते पॅसेजमध्ये. फ्रिजपाशी."

"त्यांचे पाय कुठवर येतात?"

"बाथरूमच्या दारापर्यंत."

"मग कुणाला आत जायचं असलं तर?"

"ते पाय जवळ घेतात," मी म्हटलं.

बाईंनी हे वाक्य समोरच्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. एक साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मला लाज वाटली, रागही आला. सोमवारी रुजू व्हायचं पत्र आलं तेव्हा नवरा म्हणाला, "एवढं काय विचारलं तुला?" मी म्हटलं, "कोण कुठं झोपतं ते."

पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅडम' म्हटलं. त्या म्हणाल्या, "या मजल्यावर सहा मॅडम आहेत. मला बाई म्हण. बाई एकच आहे." तेव्हापासून बाईच. बुटक्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ आणि खांद्याला खादीची पिशवी. पिशवीत एक पोलादी टेप असायची, गवंडी वापरतात तसली. बाई जिथे जातील तिथे ती निघायची. कुणाच्या लग्नाला गेल्या तर वधूपक्षाला दिलेली खोली मोजायच्या. दवाखान्यात नंबराची वाट बघताना बाकाची लांबी मोजायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "हात रिकामे राहिले की मला चैन पडत नाही."

त्या कक्षाच्या प्रमुख, मूळच्या देशावरच्या. सगळी नोकरी घरांच्याच खात्यांत, निरनिराळ्या गावी. लग्न केलं नव्हतं. आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांच्या टेबलामागे राज्याचा मोठा नकाशा टांगलेला होता आणि रोज सकाळी आल्या आल्या, पिशवी ठेवायच्या आधी, त्या नकाशापुढे उभ्या राहून चौकशी करायच्या. "काय म्हणतीय हिंगोली? वाशीमनं काल एक शब्द काढला नाही. नंदुरबार, तुझे कागद मिळाले गं." आधी वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की कुठल्या जिल्ह्याचे फॉर्म आले, कुठल्या तालुक्याचे अडकले, हे त्यांना फाइल न उघडता माहीत असतं. आणि आणखी काही दिवसांनी मीही नकाशासमोरून जाताना मनातल्या मनात परभणीची चौकशी करायला लागले.

बैठकांत त्यांची सगळ्यांना धास्ती असायची. एकदा सल्लागार कंपनीचे एक गृहस्थ सादरीकरण करत होते. पडद्यावर रंगीत चौकोन, दर वाक्यात 'युनिट'. इतकी युनिट्स इथे, तितकी तिथे. बाईंनी हात वर केला.

"एक युनिट म्हणजे किती माणसांचं?"

"सरासरी साडेचार, मॅडम."

"त्यातलं ते अर्धं माणूस कुठल्या कुशीवर झोपतं?"

कुणी हसलं नाही, कारण बाई हसत नव्हत्या. त्यांना खरंच माहिती हवी होती. त्या गृहस्थांनी बरंच काही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माहीत नाही असं म्हणा की. चालतं."

माझ्या घरी त्या एकदाच आल्या, हळदीकुंकवाला. मी ऑफिसातल्या सगळ्यांनाच बोलावलं होतं, बाई येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि सासूबाई पोह्याच्या बशा भरायला आत वळल्या तशी टेप बाहेर काढली. आधी पॅसेज मोजला. मग बाहेरच्या खोलीतलं कपाट, दिवाण, दोन्हींमधलं अंतर. शेजारणी बघत राहिल्या. बाईंनी सासूबाईंना सरळ विचारलं, "या कपाटात काय आहे?"

"माझ्या लग्नातली भांडी हायेत. का हो?"

"वापरता?"

सासूबाईंनी पोह्यांची बशी त्यांच्या हातात ठेवली. बाई गेल्यावर मात्र मला ऐकवलं, "तुझी मॅडम आमच्या घरात काय शोधत होती? जप्तीला आल्यासारखी." मी दोन दिवस सासूबाईंसमोर मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या टेबलावर आलेखाचा कागद ठेवला. त्यावर आमचं घर होतं, पेन्सिलीने, मापासकट. कपाट दाराच्या मागे सरकवलेलं, दिवाण आडवा फिरवलेला आणि भिंतीलगत एक लांबट चौकोन. त्यात लिहिलं होतं, 'सासरे'.

तो कागद मी दोन आठवडे पर्समध्ये ठेवला. दाखवायची हिंमत होईना. शेवटी सासऱ्यांच्याच हातात दिला. ते आयुष्यभर एका कारखान्यात फिटर होते, नकाशा वाचता येत होता. त्यांनी कागद बराच वेळ बघितला, मग सासूबाईंना म्हणाले, "जरा हात लाव गं कपाटाला." चौकोनात खाट बसली. दोन बोटं जागा उरली. सासूबाई पुढे कित्येक दिवस बाईंचं नाव काढत नव्हत्या, पण होळीला पुरणाच्या पोळ्या केल्या तेव्हा चार पोळ्या वेगळ्या बांधून म्हणाल्या, "त्या टेपवालीला ने."

बाईंचं खरं वैर होतं ते एका शब्दाशी. तो शब्द 'इतर'.

आमचा सर्वेक्षणाचा फॉर्म बाई येण्याच्या आधीच वरच्या कार्यालयात ठरला होता. त्यात घराचा प्रकार विचारला होता आणि पुढे चार चौकटी होत्या. पक्के, अर्धपक्के, कच्चे, इतर. शेवटची चौकट काढून टाकावी म्हणून बाईंनी तीन पत्रं लिहिली. "इतर म्हणून कुणी नसतं," त्या म्हणायच्या. "आपल्याला विचारायचा कंटाळा आला की माणूस इतर होतो." चौकट निघाली नाही. पण तिच्याखाली त्यांनी भांडून एक ओळ वाढवून घेतली, 'इतर असल्यास थोडक्यात वर्णन करा'. मग जिल्ह्याजिल्ह्यातून फॉर्म यायला लागले ते या ओळीवर हाताने लिहिलेल्या मजकुरासकट. दुकानाच्या माळ्यावर. देवळाच्या ओवरीत. जिन्याखाली, पडदा लावून. ऊसतोडीच्या खोपीत, सहा महिने. भावाकडे आणि बहिणीकडे आळीपाळीने.

बाई दर शुक्रवारी गठ्ठ्यांतून डोळे मिटून दहा फॉर्म काढायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. मला ऐकत बसावं लागायचं. कामं पडलेली असायची आणि मनात मी चरफडत असायचे.

आता मी काय केलं ते सांगते.

राज्याचा एकत्र तक्ता मी बनवत होते. संगणकात घराच्या प्रकाराला एक ते चार असे आकडे दिले होते, 'इतर'ला चार. पण धोरणाच्या मसुद्यासाठी जो गोषवारा मागवला होता त्यात रकाने तीनच होते. चार नंबरवाल्यांचं काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तक्ता पुढे सरकेना, म्हणून मी ते सगळे तात्पुरते पक्क्या घरांच्या रकान्यात टाकले, त्या ओळी पिवळ्या केल्या आणि ठरवलं की उद्या बाईंना विचारू. त्या संध्याकाळी बाळाला ताप चढला. मी तीन दिवस रजेवर. परत आले तोवर तक्ता वरच्या कार्यालयाने मागवून नेला होता, कुणीतरी नीटनेटका करताना सगळे रंग काढून टाकले होते आणि छापील प्रत बाईंच्या सहीने पुढे गेली होती. मी विसरून गेले. अगदी खरं सांगायचं तर, मला आठवलंच नाही.

आठवलं ते दोन महिन्यांनी, शुक्रवारी. मसुद्यावरची मोठी बैठक पुढच्या गुरुवारी होती. बाईंनी डोळे मिटून फॉर्म काढला आणि वाचायला लागल्या. आपल्याच भागातला होता, नावड्याचा. वसाहतीतली एक इमारत, कुटुंबात माणसं पाच, घराचा प्रकार इतर. वर्णन, पाण्याच्या पंपाची खोली.

बाई थांबल्या. चष्मा काढला. "हे कुटुंब तक्त्यात कुठं बसवलंयस तू?"

त्याच क्षणी मला तो पिवळा रंग दिसला. आणि मी म्हटलं, "कच्च्यात."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुढचा फॉर्म उचलला.

त्या गेल्यावर मी तक्ता उघडून पाहिला. पंपाच्या खोलीतले, जिन्याखालचे, ओवरीतले, खोपीतले, राज्यभरातले सगळेच्या सगळे पक्क्या घरात सुखाने राहत होते. धोरणाच्या हिशेबी त्यांना कशाचीच गरज नव्हती. मसुदा असाच मंजूर झाला असता तर पुढची कित्येक वर्षं त्यांच्यासाठी काही होणार नव्हतं, कारण ते कागदावर नव्हतेच.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कोणाला कळणारे? पुढच्या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. आता तोंड उघडलंस तर ते रिन्यू करतील काय? गप्प बस ना." तो वाईट माणूस नाही. मलाही तेच हवं होतं, कुणीतरी गप्प बस म्हणावं. शनिवार-रविवार मी कपडे धुतले, डबे घासले, बाळाला बागेत नेलं. सासरे खाटेवर बसून पेपर वाचत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

सोमवारी सकाळी बाई नकाशासमोर उभ्या होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. तक्त्याचं सांगितलं. शुक्रवारी खोटं बोलले तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की बाईंना मागे वळावं लागलं.

त्या रागावल्या नाहीत. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ हाताच्या तळव्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डबा आणलायस ना? घे बरोबर. नावड्याला जाऊ."

मेट्रोने गेलो. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा वास स्टेशनाबाहेर पडताच नाकात शिरला. इमारत शोधायला वेळ लागला नाही. मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला चिकटून एक खोली होती, तिला लोखंडी दार. दारात एक बाई तांदूळ निवडत होती, शेजारी तिचा लहान मुलगा. तिचा नवरा इमारतीचा वॉचमन, पंपही तोच चालवायचा. घरमालक म्हणजे सोसायटीच.

आत निम्म्या खोलीत मोटर आणि पाइप. उरलेल्या निम्म्यात पाच माणसांचा संसार. बाईंनी टेप काढली नाही. विचारलं फक्त, "कोण कुठं झोपतं?"

"मुली टाकीच्या कट्ट्यावर," ती म्हणाली. "त्यांचा कट्टा कोरडा राहतो. आम्ही दोघं आणि हा खाली. मोटरच्या पलीकडं जात नाही कुणी, करंट..."

तेवढ्यात मोटर सुरू झाली. एवढ्या बंद जागेत तो आवाज कानात नाही, छातीत बसतो. मी दचकून भिंतीला टेकले. ती बाई मात्र बोलत राहिली. आवाज न चढवता, हातांनी. इथे चूल. इथे दप्तरं. हा लहाना, याला ऐकू कमी येतं. शेवटचं तिने कानाला बोट लावून दाखवलं आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही उभ्या राहिलो. मोटर थांबेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाहेर आलो तर एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन थांबले. पांढरा सदरा, हातात सोसायटीच्या चाव्यांचा जुडगा. ही जमीन एकेकाळी त्यांच्या घराण्याची होती, आता ते सोसायटीचे चेअरमन होते.

"कोन तुमी?"

बाईंनी सांगितलं.

"यांना काडाला आलंव का? मीच ठेवलंय त्यांना. लिवायचं असंल तर माझा नाव लिवा. पोरांना बाहेर काडू नका."

"काढायला नाही आलो, काका. मोजायला आलोय."

"मोजनारे पन बगितले आमी," ते म्हणाले. "आमची शेतां मोजली तवा पन असाच बोलले. मोजून झाल्यावर शेत गेला."

बाईंकडे प्रत्येक गोष्टीला प्रश्न असायचा. त्या दिवशी नव्हता. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुमचं." म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा वाद होईल असं वाटलं होतं त्यांना. मग चाव्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "पानी पिऊन जा. ऊन हाय."

मंगळवारपासून बुधवार संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी फोनला चिकटून होतो. बाई एकेका जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन लावायच्या, "चार नंबरचे सगळे फॉर्म बाहेर काढा, वर्णन वाचून सांगा," आणि मी उतरून घ्यायचे. निम्म्यांहून अधिक जिल्ह्यांनी आठ-दहा दिवस मागितले. गुरुवारपर्यंत काम पुरं होणार नाही हे दिसतच होतं.

गुरुवारची बैठक आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. खात्याचे मोठे साहेब आले होते. मी भिंतीलगतच्या खुर्चीत, मांडीवर फाइल. सादरीकरण सुरू व्हायच्या आधी बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, पान अकरावरचा तक्ता चुकीचा आहे. घर नसलेली बरीच कुटुंबं त्यात पक्क्या घरात दाखवलीत. दुरुस्ती चालू आहे. दहा दिवस लागतील."

साहेब म्हणाले, "मसुदा उद्या वर जायचाय. चूक कशी झाली?"

मी फाइलच्या नाड्या घट्ट धरल्या. आता माझं नाव येणार.

"तक्त्यावर सही माझी आहे," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. कुणी केली, विचारतोय."

"सही माझी आहे, साहेब. न वाचता केली."

त्यांनी वाचून सही केली होती. रंग उडालेल्या तक्त्यात वाचून कळण्यासारखं काही नव्हतंच. मी उठून उभी राहिले. कशी राहिले ते माहीत नाही. म्हटलं, "सर, तक्ता मी केलाय. चूक माझी आहे." मग थांबता येईना म्हणून नावड्याच्या त्या खोलीचं सांगितलं. टाकीचा कट्टा, मोटर, ऐकू कमी येणारा मुलगा. सांगून झालं आणि मला वाटलं, हे सगळं इथे सांगायचं नव्हतं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मोटर किती वेळ चालते?"

"सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, सर."

त्यांनी पान अकरा उघडून बघितलं. मग शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "मसुदा दहा दिवसांनी जाईल. मी बोलतो वर." आणि बाईंना, "त्या कुटुंबांसाठी वेगळं कलम लिहून आणा. नुसता आकडा नको."

बाहेर येऊन आम्ही फुटपाथच्या कट्ट्यावर बसलो. बाईंनी दोन लिंबू सरबतं आणली. पहिला घोट घेतला आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. शुक्रवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी एकदम उठून गेलं, इतकंच. बाईंनी रडू दिलं. मग स्वतःच्या ग्लासातला बर्फ हलवत म्हणाल्या, "तू सांगितलंस. मला नव्हतं जमलं."

त्यांची नोकरीची पहिली वर्षं होती. देशावरचं एक धरण, पाण्याखाली जाणारी गावं, पुनर्वसनाच्या घरांची यादी करायचं काम. त्यांतल्या एका गावाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर एक वाडी होती, चौदा उंबऱ्यांची. ती माणसं निम्मं वर्ष गुरं घेऊन हिंडायची. फॉर्मवर त्यांची नोंद 'इतर' म्हणून झाली होती. बाईंनी बेरीज केली ती नेमकी त्यांना सोडून. यादी गेल्यावर आठवड्याने लक्षात आलं.

"साहेब कडक होते. मी प्रोबेशनवर. वडील गेलेले, घरी आई आणि दोन बहिणी. आज सांगते, उद्या सांगते म्हणत राहिले. महिन्याभरात बदली झाली माझी, लांब. मग पाणी आलं." बाईंनी ग्लास खाली ठेवला. "त्या चौदा घरांचं काय झालं ते मी कधी विचारलंच नाही. विचारायला भीती वाटायची."

मी म्हटलं, "बाई, आता जाऊन बघा ना."

"बघू," त्या म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच होता.

वेगळं कलम लिहिलं गेलं. 'राहण्यासाठी न बांधलेल्या जागेत राहणारी कुटुंबं' असं त्याचं नाव. बाईंनी त्यात जिन्याखालच्यांपासून खोपीतल्यांपर्यंत एकेक जागा नावानिशी घातली. मसुद्यात ते जसंच्या तसं राहिलं. नावड्याच्या त्या कुटुंबाला घर मिळालं का, तर अजून नाही. पण त्यांचं नाव यादीत आहे आणि म्हाताऱ्या चेअरमननी मधल्या काळात खोलीत विटांची एक भिंत घालून मोटर वेगळी केली. माझं कंत्राट वाढलं. नवरा म्हणाला, "नशीब आहे तुझं." मी म्हटलं, "असेल."

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला भाषण केलं नाही. नकाशासमोर उभ्या राहिल्या, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि पिशवी उचलून निघाल्या. त्यानंतर दोन-तीन महिने त्यांचा फोन लागेना. क्वार्टर सोडली होती, नवा पत्ता कुणाकडे नव्हता. मला नको नको ते वाटायला लागलं.

एके दुपारी मी डबा उघडून बसले होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. वाऱ्याचा आवाज, कोंबड्या, लांबवर कुणीतरी हाका मारतंय.

"मी बोलतीय," बाई म्हणाल्या. "आले गं इथं. धरणग्रस्तांच्या वसाहतीत."

मी हातातला घास खाली ठेवला.

"घरं मिळाली होती," त्या म्हणाल्या. "चौदाच्या चौदा उंबऱ्यांना. त्या वेळचा तलाठी, कोण होता कुणास ठाऊक, त्यानं पुरवणी यादी केली होती. हातानं लिहिलेली. मला दाखवली त्यांनी, फ्रेम करून ठेवलीय. दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढावे लागले म्हणे. एक म्हातारं त्यात गेलं. ते माझ्यामुळं. मी सांगितलं त्यांना तसं. म्हटलं, तुमची नावं गाळणारी ती मीच."

"मग? काय म्हणाले?"

"एक आजी आहेत, नव्वदीच्या. त्यांना ऐकायला येतं कमी. नातसुनेनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. आजी माझ्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, एवढ्या उन्हाचं चालत आलीस व्हय?"

फोनमध्ये पुन्हा वाऱ्याचा आवाज आला.

"तीस-बत्तीस वर्षं मी त्यांना उघड्यावर बघत होते," त्या म्हणाल्या. "दोनच पावसाळे होते गं." मग कुणीतरी त्यांना आतून हाक मारली. "ठेवते आता. पिठलं केलंय त्यांनी, जेवल्याशिवाय सोडत नाहीत."